अडसर कुठे आहे? गोव्यातल्या जुन्या घरात पहिला सस्पेन्सपट करणाऱ्यांसाठी

पहिला भयपट करायला निघालेली मंडळी सर्वांत आधी विचारतात, धुराचं यंत्र भाड्याने कुठे मिळेल? मग पांढरी साडी, मग केस मोकळे सोडायला तयार असलेली एखादी मैत्रीण, मग रात्रभर घर देणारा ओळखीचा माणूस. यातलं काही चूक नाही. पण यातल्या कशानेही प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकत नाही. त्याला एखादी गोष्ट माहीत असते आणि पडद्यावरच्या माणसाला ती माहीत नसते, तेव्हा तो सरकतो. सस्पेन्स म्हणजे माहितीचं वाटप. कोणाला काय, किती आणि कधी कळलं याचा हिशेब चोख असेल तर धुरावाचून अडत नाही.

सात-आठ मिनिटांचा लघुपट मोबाईलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणाला एकच कथा घेऊ. फोंड्याकडचं जुनं चिरेबंदी घर. आजी गेल्यापासून रिकामं. पावसाआधी कौलं, भांडीकुंडी बघून घर बंद करायला मुंबईहून नात आली आहे, शमा. एक रात्र एकटीने काढायची आहे. मागच्या दाराला कुलूप नाही, आतून लावायचा लाकडी अडसर आहे. सात मिनिटांत याहून जास्त कथा मावत नाही, आणि मावली तरी ती कोंबू नये.

आधी तीन रकाने

पटकथेला हात लावण्याआधी कागदावर तीन रकाने आखा. पहिला, शमाला काय माहीत. दुसरा, प्रेक्षकाला काय माहीत. तिसरा, बाहेर जो कोणी आहे त्याला काय माहीत. प्रत्येक प्रसंगासमोर तिन्ही रकाने भरायचे. ज्या प्रसंगात तिन्हींत एकच मजकूर येईल तिथे ताण नाही असं समजा. तो प्रसंग एक तर छोटा करा, नाही तर काढून टाका.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या लांबलचक मुलाखतीत हा फरक टेबलाखालच्या बॉम्बने समजावला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे त्याला आधीच सांगितलं आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स. हे उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं. ते आपल्या घरात कसं आणायचं ते बघू.

पहिला प्रकार: शमा झोपली आहे, मागचं दार धाडकन उघडतं. प्रेक्षक दचकला, संपलं.

दुसरा प्रकार: संध्याकाळी शेजारची काकी मागच्या दारी नारळ द्यायला येते. शमा आतून अडसर काढते, भिंतीला टेकवते. बोलत बोलत दोघी पुढच्या ओसरीवर जातात. काकी निघताना म्हणते, "मागचं दार घालून घे हां गो, रातची कुत्री शिरतात." शमा "हो, लावलंय" म्हणते, कारण दुपारी तिने ते लावलं होतं आणि तेच तिच्या डोक्यात आहे. अडसर मात्र भिंतीला टेकलेला आहे. हे प्रेक्षकाने पाहिलं. आता शमाने चहा केला तरी ताण आहे, आईला फोन केला तरी आहे, दिवा मालवला तर विचारूच नका. तुम्ही काहीही भयंकर दाखवलेलं नाही, खर्च केला तो एका लाकडाचा.

तिसऱ्या रकान्याकडे नवशिके सहसा बघतच नाहीत. बाहेर कोण आहे आणि त्याला काय हवंय, हे शेवटपर्यंत उघड करायचं नसलं तरी तुम्हाला पक्कं माहीत हवं. समजा मध्यरात्री काकीलाच आठवलं की पोरीने दार लावल्याचा आवाज काही आपण ऐकला नाही. ती सांगायला आली. पुढे हाक मारली तर एवढ्या रात्री पोर घाबरेल म्हणून मागून आली. म्हणजे काकीला माहीत आहे की दार उघडं आहे, शमाला वाटतं आहे की ते बंद आहे, आणि आपल्याला कळतं आहे की कोणीतरी येतंय, कोण ते कळत नाही. तिघांकडे तीन अर्धवट तुकडे. शमाच्या हातात त्या वेळी कोयता असेल तर शेवट काय होईल हे मी सांगायला नको. यात भूत नाही, तरीही यातला शेवट भुतापेक्षा वाईट आहे.

एक पथ्य पाळा. प्रेक्षकापासून एका वेळी एकच गोष्ट लपवा. बाहेर कोण आहे हे लपवलं असेल तर अडसर कुठे आहे हे लपवू नका. दोन्ही लपवलंत तर तो घाबरत नाही, गोंधळतो, आणि गोंधळलेला प्रेक्षक मोबाईल काढतो.

घराचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात उतरवा

गोव्यातल्या जुन्या घरांची मांडणी सस्पेन्ससाठीच केल्यासारखी असते. पुढे ओसरी किंवा बाल्कांव, मग साल म्हणजे दिवाणखाना, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, त्याभोवती खोल्या, पलीकडे काळवंडलेलं स्वयंपाकघर, मागचं दार, न्हाणी, बांय म्हणजे विहीर, आणि थेट कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. पलंगापासून मागच्या दारापर्यंतचं अंतर मोठं, मध्ये उघडं आकाश आणि चार-पाच उंबरठे. पण ही मांडणी तुम्हाला ठाऊक असून उपयोग नाही. प्रेक्षकाला ठाऊक हवी.

म्हणून पहिल्या दीड मिनिटात, भर दुपारच्या उजेडात, पलंगापासून मागच्या दारापर्यंतची वाट एका सलग शॉटमध्ये दाखवा. शमा उशीचे अभ्रे काढत, खिडक्या उघडत जाते आहे, कॅमेरा तिच्या मागोमाग. निमित्त साफसफाईचं, काम नकाशा शिकवण्याचं. रात्री ती याच वाटेने निघेल तेव्हा प्रेक्षक मनात उंबरठे मोजत असेल.

दिशाही एकदा ठरवली की मोडू नका. मागचं दार फ्रेमच्या उजवीकडे असं ठरलं तर शमा त्या दाराकडे नेहमी डावीकडून उजवीकडे जाईल, परतताना उजवीकडून डावीकडे. शमा आणि दार यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला. चित्रणाच्या रात्री थकवा येतो, कोणीतरी म्हणतं "इथून छान दिसतंय", आणि संकलनाला बसल्यावर कळतं की शमा दारापासून पळते आहे की दाराकडे, हेच समजत नाही. कागदावर घराचा आराखडा काढा, प्रत्येक शॉटचा कॅमेरा कुठे ते त्यावर बाणाने दाखवा. साध्या वहीचं पान पुरतं.

सर्वांत स्वस्त आणि हमखास चालणारी युक्ती म्हणजे पुनरावृत्ती. ट्रायपॉड स्वयंपाकघरात एका जागी ठेवा, पायांच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीने करून ठेवा. तीच चौकट दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री चित्रित करा. दुपारी अडसर जागेवर. सांजेला भिंतीला टेकलेला. रात्री भिंतीलाही नाही. कॅमेरा हलला नाही, संगीत वाजलं नाही, कोणी काही बोललं नाही. तरी थिएटरात कोणीतरी "अगं बाई" म्हणेल.

लपवायचं कोणाला

स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७५ च्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडायचा. त्यामुळे तो दाखवणं टाळून त्याच्या खुणा दाखवाव्या लागल्या: पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा, दोन सुरांची धून, पुढे शार्कच्या अंगात अडकवलेली पिवळी पिंपं. पिंप पाण्याखाली गेलं की प्रेक्षकाला कळतं शार्क खाली गेला, आणि वर आलं की तो येतोय. दोन तासांच्या चित्रपटात तासाहून अधिक काळ त्याचं पूर्ण रूप दिसत नाही.

तुमच्याकडे शार्क नाही, पण मेकअपचं बजेटही नाही, म्हणजे परिस्थिती सारखीच. धोक्याची एक खूण निवडा आणि तिला इमानदार राहा. आपल्याकडे ती अडसर आहे. मग बाहुली, आरसा, आपोआप हलणारी आरामखुर्ची, काळं मांजर यांची भरती करू नका. एका खुणेचे नियम प्रेक्षक शिकतो, पाच खुणांचे शिकत नाही.

इथे थोडं विषयांतर. गोव्यात चित्रण करणारे बाहेरचे लोक, आणि हल्ली आपलेही, भूत म्हणून सरळ देवचाराला उचलतात. इथल्या गावांत देवचार हा राखणदार आहे. लोक त्याला रोट देतात, विडी ठेवतात, वाटेत चुकलेल्याला तो घरी पोचवतो असं सांगतात. त्याला रक्तपिपासू केलंत तर पेडण्यापासून काणकोणापर्यंतचा प्रेक्षक घाबरणार नाही, नाराज होईल. त्याची भीती वेगळ्या जातीची आहे: मर्यादा ओलांडल्याची. ती दाखवता आली तर कथा कितीतरी वरच्या पायरीवर जाईल. नाही जमलं तर त्याच्या जागेचं चित्रणच करू नका.

कॅमेरा

मोबाईलचा मुख्य लेन्स बराच रुंद असतो. जुन्या घराच्या खोल्या त्यातून मोठ्या दिसतात, आणि मोठी खोली फार घाबरवत नाही. २एक्स झूमवर गेलात की तुम्ही साधारण ५० मिमी लेन्सच्या जवळ येता. हिचकॉकने 'सायको' (१९६०) बहुतांशी ५० मिमीवर चित्रित केला, कारण ती नजर माणसाच्या नजरेच्या जवळची वाटते. रुंद लेन्स ठेवा तो नकाशा दाखवणाऱ्या शॉटपुरता.

त्याच चित्रपटातली एक हकिकत हिचकॉकने स्वतः सांगितली आहे आणि ती प्रत्येक नवशिक्याने भिंतीवर लिहून ठेवावी. गुप्तहेर घराचा जिना चढतो, तो प्रसंग. त्या दिवशी हिचकॉक तापाने आजारी होता, सहकाऱ्यांनी चित्रण केलं. कठड्यावरच्या हाताचे, पायऱ्या चढणाऱ्या पावलांचे तुकडे घेतले. शॉट सुंदर होते. हिचकॉकने ते वापरले नाहीत. सुटे हात आणि सुटी पावलं दाखवली की माणूस पापी वाटू लागतो, जणू तोच कोणाला मारायला चाललाय. गुप्तहेर तर बिचारा भक्ष्य आहे. त्याला साधं, अख्खं, चेहऱ्यासकट वर जाताना दाखवायला हवं.

म्हणजे काय? शमा अंधारातून जाते तेव्हा तिच्या पायांचा क्लोजअप मोहक वाटेल. नको. तो क्लोजअप बाहेरच्यासाठी राखून ठेवा. काकीच्या वहाणा कुळागराच्या पाटातून येताना दाखवल्यात तर काकी, सोज्वळ काकी, खुनी वाटू लागेल. आपल्याला नेमकं तेच हवंय.

'सायको'तल्या त्या जिन्याच्या शेवटी, गुप्तहेरावर हल्ला होतो तेव्हा, कॅमेरा एकदम छतापाशी जातो. तिथून हल्लेखोराचा चेहरा दिसत नाही आणि लपवलाय असंही वाटत नाही, कारण कोन आधीच बदललेला असतो. राजांगणाच्या वरच्या पडवीतून किंवा माळ्यावरून असा एक शॉट सहज मिळतो. पूर्ण लघुपटात एकदाच वापरा.

हातात धरलेला, झाडांआडून डोकावणारा कॅमेरा म्हणजे "कोणीतरी बघतंय" असं तुम्ही प्रेक्षकाला लिहून दिलं. ते नुसतं शोभेसाठी देऊ नका. बघणारा असेल तरच तो शॉट.

आणि रिकामी जागा. शमाला फ्रेमच्या डाव्या तिसऱ्या भागात बसवा, उजवीकडे तिच्या पाठीमागे दाराची चौकट धूसर पण उजळलेली ठेवा. पहिल्यांदा तिथे काही घडत नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा प्रेक्षक शमाकडे बघतच नाही, दाराकडे बघतो. चौथ्यांदा काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तरी तेव्हाही काही घडवणार नाही.

उजेड

"अंधार हवा" म्हणून सगळे दिवे घालवून चित्रण केलंत तर मोबाईल त्या अंधारात खरखर भरतो आणि पडद्यावर राखाडी चिखल दिसतो. अंधार दाखवायलाही उजेड लागतो. नायिकेपेक्षा तिच्या मागची भिंत थोडी उजळ ठेवा, म्हणजे तिची आकृती कापून निघते. आत एक पिवळा बल्ब, बाहेर खिडकीपलीकडे पांढरा-निळा दिवा, एवढ्यात रात्र उभी राहते. एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकस लॉक करा, नाही तर शमाने टॉर्च लावला की मोबाईल स्वतःच सगळं उजळवून मोकळा होईल.

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर १/५० सेकंद ठेवलं तर पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. मोफत मिळणारं ब्लॅकमॅजिक कॅमेरा अॅप हे हाताने ठरवू देतं.

तुम्हाला मिळालेल्या घरात शिंपल्यांची तावदानं असतील तर देवाने दिलेला प्रकाशसंच मिळाला असं समजा. काचेऐवजी बसवलेले ते पातळ शिंपले उजेड आत सोडतात, नजर सोडत नाहीत. बाहेर कोणी दिवा घेऊन गेलं तर आत तो एका चौकोनातून दुसऱ्यात सरकताना दिसतो, धरणारा दिसत नाही. यावर एक अख्खा मिनिट काढता येईल, तोही एकही कट न करता.

बाहेरचे शॉट सूर्यास्तानंतरच्या वीस-बावीस मिनिटांत उरका. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, म्हणून तालीम उन्हातच करून ठेवा. ती वेळ हुकली तर दिवसाची रात्र करता येते: सूर्य पात्राच्या पाठीशी, आकाश फ्रेमबाहेर, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली (म्हणजे उजेड पावपट), व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिन (म्हणजे चित्र निळसर). कुळागरात हे छान जमतं, कारण वर माडा-पोफळींचं छप्पर असतं. पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा काढलात की लेन्सवर दव धरतं, तेव्हा अर्धा तास बॅगेतच बाहेर राहू द्या.

नट

गोव्यात नटांचा तुटवडा नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणारी, देवळाच्या उत्सवात नाटक करणारी मंडळी गावोगाव आहेत, आणि त्यांना पाठांतर, वेळ, शिस्त शिकवावी लागत नाही. अडचण एकच. मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत भीती पोचवायची त्यांना सवय असते. कॅमेरा हातभर अंतरावर आहे.

"घाबर" असं सांगू नका. काम द्या. चादरीची घडी घाल, भांडी मोज, माळ्यावरच्या डब्यांवर नावं लिही. मग कामाच्या मध्येच थांबायला सांगा. मोजता मोजता चौदावर थांबलेलं तोंड किंकाळीपेक्षा जास्त बोलतं. नटीला आवाज कुठून येणार तेही आधी सांगू नका. मात्र खरोखर दचकवू नका, कोयता हातात असताना तर मुळीच नाही. कोयता बोथट किंवा लाकडी.

आवाज, म्हणजे निम्मा चित्रपट

कॅमेऱ्यावर हजारो रुपये आणि माईकवर शून्य, हा नेहमीचा हिशेब उलटा करा. साधा कॉलर माईक घ्या. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसती शांतता ध्वनिमुद्रित करा. संकलनात कटांच्या मधली भोकं बुजवायला ती लागते. फ्रीज आणि पाण्याचा पंप बंद करून घ्या. फ्रीजमध्ये गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे जाताना फ्रीज पुन्हा चालू करायला विसरणार नाही.

इथली रात्र मुकी नसते. रातकिडे, बेडूक, झावळीवर झावळी घासणं, कौलांवरून ठिबकणारं पाणी, माडावरून नारळ पडल्याचा धप्प. हे सगळं वेगवेगळं मुद्रित करून आणा आणि पूर्ण लघुपटाखाली पसरा, इतकं की प्रेक्षक ते ऐकणंच थांबवेल. मग शमाने दिवा मालवल्यावर काही सेकंदांनी रातकिडे बंद करा, फक्त रातकिडे. गावात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की जवळून कोणी चाललं की ते गप्प होतात. शहरातल्या प्रेक्षकाला कारण कळणार नाही, पण पोटात गोळा त्याच्याही येईल.

ओळखीचा आवाज चुकीच्या वेळी आणणं हे दुसरं हत्यार. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों भोंपू म्हणजे गोव्यातली सर्वांत निरुपद्रवी गोष्ट: सकाळ झाली, पाव आले. लघुपटाच्या सुरुवातीला तो सकाळी वाजू द्या, शमाला पाव घेऊ द्या. मग रात्री अडीचला, दुरून, एकदाच वाजवा. कोणी वाजवला याचं उत्तर मात्र तुमच्या तिसऱ्या रकान्यात हवं.

धक्क्याचा आवाजही एक कला आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री रस्त्याने चालली आहे, मागे दुसऱ्या पावलांचा आवाज, मग ती मागची पावलं थांबतात. शांतता. बाई घाबरून वेग वाढवते, आपण श्वापदाच्या झेपेची वाट बघतो, आणि चौकटीत फिस्कारत येते ती बस. तेव्हापासून अशा खोट्या धक्क्याला जाणकार 'बस'च म्हणतात. त्यात जोर बसच्या आवाजाचा नाही, आधी थांबलेल्या पावलांचा आहे. नवशिके बस उचलतात आणि पावलं विसरतात. सात मिनिटांत अशी एकच बस पुरे.

संगीताबद्दल दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. 'सायको'मधल्या स्नानगृहातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही फक्त तंतुवाद्यांवर ते रचलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. दिग्दर्शक जॉन कारपेंटरने १९७८ चा 'हॅलोवीन' संगीताशिवाय एका स्टुडिओच्या अधिकाऱ्यांना दाखवला, तर त्यांना भीतीच वाटली नाही. मग त्याने स्वतः पियानोवर ५/४ तालातली ती धून बसवली. पाचाच्या तालात कान सम शोधत राहतो आणि ती अपेक्षेच्या जागी येत नाही, अस्वस्थपणा तिथून येतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या लघुपटात संगीत शेवटी आणि कमीत कमी ठेवा. इंटरनेटवरचे तयार "हॉरर" आवाज तर नकोच. ते सगळ्यांनी इतके वापरलेत की ऐकताच प्रेक्षक सावध होतो. पोटात घुमणाऱ्या खालच्या सुरांवरही विसंबू नका. तुमचा लघुपट बहुतेक जण मोबाईलवर बघणार, आणि त्याच्या इवल्या स्पीकरमधून ४०-५० हर्ट्झचं काहीही बाहेर येत नाही. अडसर फरशीला घासल्याचा आवाज येतो. तो खऱ्या जड लाकडाचा, रिकाम्या खोलीत, माईक जमिनीजवळ ठेवून मुद्रित करा.

संकलन

डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. पहिला कट आवाज पूर्ण बंद करून बघा. मुका चित्रपट बघतानाही अडसर कुठे आहे हे कळतंय का? नसेल तर संगीत त्याला वाचवणार नाही.

वेग म्हणजे भीती नव्हे. 'सायको'मधला स्नानगृहाचा तो प्रसंग चित्रित करायला सात दिवस लागले आणि त्यात कटांचा पाऊस आहे, हे सगळे सांगतात. त्याआधी बाई पैशांचा हिशेब करते, कागद फाडते, नळ सोडते, हे किती सावकाश दाखवलंय ते कोणी सांगत नाही. त्या संथपणामुळे पुढचे कट कापतात. तुमच्याही लघुपटात पहिल्या पाच मिनिटांत शॉट लांब ठेवा. ज्या जागी तुमचा हात कापायला शिवशिवेल तिथून आणखी दोन सेकंद थांबा.

नजरेवर कापायला शिका. शमा वर बघते, कट, माळ्याचं भोक, कट, पुन्हा शमा. मधल्या शॉटमध्ये काही नसलं तरी तिसऱ्यात प्रेक्षक तिच्या चेहऱ्यावर अर्थ चढवतो. आणि एकदा हा क्रम मोडा: ती वर बघते, पण माळा दाखवूच नका. तिच्यावरच थांबा.

'सायको'मधला दलदलीचा क्षण याच टप्प्यावर पुन्हा बघा. तरुण एका बाईचं प्रेत असलेली गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता थांबते. आणि आपण, त्या बाईच्या बाजूने असलेले आपण, मनात म्हणतो: बुड बाई. काही सेकंदांच्या त्या थांब्याने प्रेक्षकाला गुन्हेगाराच्या बाजूला नेलं. काकी दाराशी पोचते, दार थोडं अडतं. तिथे चार सेकंद ठेवा. दार उघडावं असं प्रेक्षकाला वाटतंय की उघडू नये?

परवानग्या, भरभर

खाजगी घर असेल तर मालकाची लेखी परवानगी, आणि घर भावकीत वाटलेलं असेल तर सगळ्यांची. सार्वजनिक जागेसाठी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज करावा लागतो. जुन्या गोव्यातल्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. ड्रोनचा विचार असेल तर दाबोळी नौदलाचा तळ आहे हे ध्यानात ठेवा आणि नकाशा तपासा. रात्री किंकाळी असेल तर शेजाऱ्यांना दिवसा जाऊन सांगा. नाही तर आख्खा वाडा काठ्या घेऊन येईल.

दाखवून बघा, पण पडद्याकडे बघू नका

कथा माहीत नसलेली पाच-सहा माणसं जमवा. तुमच्या गटातली, घरातली नकोत. लघुपट लावा आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून त्यांच्या चेहऱ्यांकडे बघा. कोण कधी खुर्चीत मागे टेकला, कोणी फोन उचलला, याच्या वेळा वहीत लिहा. मागे टेकलेल्या प्रत्येक जागी तुमच्या रकान्यांत काहीतरी सारखं झालेलं असतं.

संपल्यावर "आवडला का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: अडसर शेवटी कुठे होता? शमाला ते कधी कळलं? बाहेर कोण होतं असं तुम्हाला मध्येच वाटलं? पहिल्या प्रश्नाला निम्म्यांनी चूक उत्तर दिलं तर सांजेचा शॉट आणखी तीन सेकंद लांबवा. काकी हे तिसऱ्याचं उत्तर दोघांनी आधीच दिलं असेल तर तिच्या वहाणा सुरुवातीला फार ठळक दिसल्या आहेत, तो शॉट छोटा करा.

आणि भलत्या जागी हशा आला तर नटीला दोष देण्याआधी त्या जागेच्या पाच सेकंद आधीचं बघा. बहुतेकदा ताण तिथेच फुटलेला असतो: एखादा शॉट उगाच पुन्हा आलेला असतो, किंवा जे प्रेक्षकाला आधीच कळलं होतं ते शमा तोंडाने बोलून दाखवते. ते वाक्य काढा आणि दुसऱ्या पाच माणसांना बोलवा.